नवा रंग चढवण्यापूर्वी

जुन्या गाडीत दोष सापडला की आपण ठपका ठेवतो तो आधीच्या मालकावर! पण मुंबईत शिवडीला १९२८ साली मोटारींचे सुटे भाग जोडू लागले, तेव्हापासून एक गोष्ट खरी: जोडणारे हात माणसाचेच.

उल्हासनगरच्या एका गॅरेजात बदलापूरची जुनी पिकअप खोलली होती. स्टिअरिंगच्या दांड्याच्या नटात पिन नव्हती.

“कुणीतरी काढली असेल,” मी म्हणालो.

वृद्ध सिंधी मिस्त्री हसले. “साहेब, पिनेच्या भोकावर कारखान्याचा काळा रंग अखंड आहे. पिन बसवलीच नाही!”

नट सुटला असता, तर चाके वळलीच नसती. आणि ही गाडी वर्षानुवर्षे अंबरनाथच्या बाजाराला माणसे नेत होती!

मिस्त्रींनी पिन घातली, टोके दुमडली. मगच रंगाचा डबा उघडला. दिवाळीत भिंत रंगवण्यापूर्वी आपणही आधी ओल शोधतोच ना?