तुडतुडे : वर्गीकरण, लक्षणे आणि द्रव्यसंग्रह

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील तालुक्यांत कपाशी हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. तिच्या पानांखाली बसणारा हिरवा तुडतुडा शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा. वैद्यांचे मात्र त्याकडे क्वचितच लक्ष जाते. एरंड व तीळ या आपल्या नित्योपयोगी वनस्पतींनाही तुडतुड्यांचा उपद्रव होतो, म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

सुश्रुतसंहितेत कृमी-कीटकांची गणना स्वेदज वर्गात आहे. आधुनिक कीटकशास्त्राप्रमाणे तुडतुडा अंडज ठरतो. मादी पानाच्या शिरेत अंडी घालते. ती बाहेरून दिसत नसल्याने पिले पानातूनच उपजल्यासारखी भासतात.

तुडतुड्यांचा समावेश अर्धपंखी गणातील सिकाडेलिडी कुलात होतो. जगभरात या कुलाच्या २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पाचरीसारखे निमुळते शरीर, केसासारख्या बारीक स्पर्शिका, शोषक सोंड आणि मागील पायांच्या नडगीवर काट्यांच्या रांगा ही कुललक्षणे होत. पिले पाच वेळा कात टाकून प्रौढ होतात, कोषावस्था नसते.

उपकुलावरून हानीचे स्वरूप कळते. कपाशीवरील ॲम्रास्का बिगुट्युला हा टिफ्लोसायबिनी उपकुलातला. त्याच्या प्रत्येक पुढील पंखावर एक काळा ठिपका असतो. त्याने रस शोषल्यावर पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली मुरडतात, पुढे लालसर होऊन करपतात. एरंडावरील तुडतुडाही याच उपकुलातला. तिळावरील ओरोसियस अल्बिसिंक्टस हा डेल्टोसेफॅलिनी उपकुलातला असून तो फायटोप्लाझ्मा हे सूक्ष्मजीव एका रोपातून दुसऱ्यात नेतो. त्यामुळे पर्णगुच्छ रोग होतो. फुलांच्या जागी पानांसारखे झुबके येतात आणि दाणा भरत नाही.

चिकित्सकाच्या दृष्टीने खरी चिंता फवारणीची आहे. बीटी कपाशीतील विष बोंडअळ्यांसाठी आहे. तुडतुड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आंतरप्रवाही कीटकनाशके वापरली जातात. कपाशीच्या कडेने सापळा पीक म्हणून एरंड लावण्याची पद्धत आहे, आणि कपाशीवरचा फवारा त्या एरंडावरही पडतो. रसात भिनलेले औषध पाने धुऊन निघत नाही.

म्हणून पोटिसासाठी वा स्वरसासाठी कपाशीच्या धुऱ्यावरील एरंडपत्रे घेऊ नयेत. परसातील, फवारणीपासून दूर असलेले झाड निवडावे. पाने दुसऱ्याकडून घ्यावयाची असल्यास शेवटची फवारणी केव्हा व कशाची झाली, हे आधी विचारावे. द्रव्याची ओळख जितकी आवश्यक, तितकीच ते ज्या शेतात वाढले त्या शेताची ओळखही आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.