साठ खुर्च्यांची मैफल

अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क या राज्यांतील लहान शहरांत, शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात, ग्रंथालयात किंवा एखाद्या जुन्या इमारतीच्या माडीवर लोकसंगीताच्या ज्या मैफली भरतात, त्यांना तिकडे अजूनही ‘कॉफीहाऊस’ असेच म्हणतात. पन्नास ते शंभर खुर्च्या, वीतभर उंचीचा मंच, एक किंवा दोन मायक्रोफोन आणि मध्यंतरात कार्यकर्त्यांनी घरून करून आणलेला केक, एवढाच बहुधा या मैफलींचा सरंजाम असतो. तरीही ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या लाटा अनेकदा येऊन ओसरल्या असताना लोकगीत हे माणसांनी एकत्र बसून गाण्याचे गीत म्हणून त्या देशात ज्या जागांनी टिकवले, त्यांत या मैफलमालिकांचा वाटा मोठा आहे. हे काम त्यांना कसे जमले, याचे उत्तर त्यांच्या लहान आकारात आणि त्या आकाराभोवती उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत सापडते.

‘फोक’ या नावाखाली अमेरिकेत दोन प्रकारची गाणी येतात. स्कॉटलंड, इंग्लंड आणि आयर्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी ॲपलेशियन डोंगररांगांत नेलेली कथागीते, आफ्रिकी वंशाच्या मजुरांची श्रमगीते आणि ब्लूज, म्हणजे तोंडातोंडी चालत आलेली व बहुधा कर्त्याचे नाव हरवलेली गाणी, हा पहिला प्रकार होय. जॉन लोमॅक्स आणि त्यांचे चिरंजीव ॲलन लोमॅक्स यांनी १९३० च्या दशकात अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी तुरुंगांत, शेतांवर आणि खेड्यापाड्यांत फिरून अशा गाण्यांचे मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रण केले. याच वळणावर नव्याने रचलेली आणि रचणाऱ्यानेच गिटारवर गायलेली गाणी हा दुसरा प्रकार. दोन्हींची साथ बहुतेक वेळा ‘अकूस्टिक’ वाद्यांची, म्हणजे विजेच्या मदतीवाचून लाकडाच्या पोकळीतून किंवा ताणलेल्या कातड्यातून नाद उमटवणाऱ्या गिटार, बँजो, फिडल आणि मँडोलिन यांसारख्या वाद्यांची असते.

छोट्या मैफलींचे हे जाळे विणले जाण्यामागे संगीताइतकेच राजकारण आहे. पीट सीगर हे ‘द वीव्हर्स’ या चौकडीचे बँजोवादक होते आणि १९५० मध्ये या चौकडीच्या गाण्याने अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला होता. पण साम्यवाद्यांच्या शोधमोहिमेत चौकडीचे नाव काळ्या यादीत गेले आणि मोठी सभागृहे, रेडिओ व दूरचित्रवाणी तिला बंद झाली. १९५५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे आपल्या राजकीय मतांविषयी उत्तरे देण्यास सीगर यांनी नकार दिला, त्याबद्दल १९६१ मध्ये ते दोषी ठरले आणि पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. या सगळ्या काळात त्यांनी महाविद्यालये, शाळा आणि मुलांची उन्हाळी शिबिरे अशा, कोणाच्या फारशा नजरेत न येणाऱ्या ठिकाणी गाऊन पोट भरले. या गायनाचा परिणाम मोठ्या सभागृहांतील गायनाहून खोल झाला, असे मानायला जागा आहे, कारण त्या शिबिरांत आणि वसतिगृहांत त्यांच्याबरोबर गायलेल्या मुलांच्या पिढीनेच पुढे हाती गिटार घेतली आणि कॉफीहाऊसच्या खुर्च्या भरल्या.

१९५८ मध्ये ‘किंग्स्टन ट्रिओ’ या त्रयीने उत्तर कॅरोलायनातील एका जुन्या खुनाच्या कथागीताची तबकडी काढली, ती लाखोंनी खपली आणि लोकगीत शहरी तरुणांचे वेड बनले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे दोन तरुणींनी ‘क्लब ४७’ नावाचे जॅझचे कॉफीहाऊस उघडले. तिथे सतरा वर्षांच्या जोन बाएझ पहिल्यांदा गायल्या, तेव्हा समोर मुख्यतः घरची माणसे आणि मित्रमैत्रिणी होत्या, आणि पुढच्या वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. शिकागोत १९५७ मध्ये ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक’ सुरू झाले होते, आणि मिशिगनमधील ॲन आर्बर येथे १९६५ मध्ये स्थानिक चर्चनी मिळून ‘द आर्क’ ही जागा उभी केली.

या सर्वांत ‘कॅफे लीना’चे उदाहरण थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. मॅसॅच्युसेट्समधील एका इटालियन स्थलांतरित कुटुंबात जन्मलेल्या लीना स्पेन्सर यांनी पती बिल यांच्यासह मे १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा स्प्रिंग्ज येथे फिला रस्त्यावरील एका इमारतीच्या माडीवर हे कॉफीहाऊस उघडले. काही वर्षे ते चालवून युरोपात जाण्यापुरते पैसे जमवावेत, असा दोघांचा बेत होता. बिल लवकरच निघून गेले आणि लीना मात्र १९८९ मधील मृत्यूपर्यंत तिथेच राहिल्या. गायकांना जेवू घालणे, त्यांच्या मुक्कामाची सोय करणे आणि पैशांची ओढाताण असतानाही दार उघडे ठेवणे हेच त्यांचे आयुष्य झाले. त्यांच्यामागे मित्रमंडळी आणि कार्यकर्त्यांनी मंडळ स्थापून कॅफे चालवला, २०१६ मध्ये इमारतीचे मोठे नूतनीकरण झाले, आणि अमेरिकेतील सर्वांत दीर्घकाळ अखंड चालू असलेले लोकसंगीताचे कॉफीहाऊस म्हणून आज त्याची ओळख आहे.

दारू न विकणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट या परंपरेत निर्णायक ठरली. गुत्त्याचा किंवा बारचा नफा पेल्यांवर अवलंबून असतो, तिथे गाणे हे गिऱ्हाईक बसवून ठेवण्याचे साधन ठरते आणि बोलण्याचा गलका वाढला तरी मालकाचे काही बिघडत नाही. कॉफीहाऊसमध्ये लोक गाण्यासाठीच आलेले असतात, म्हणून ऐकण्याची शिस्त तिथे नियम म्हणून रुजवता आली. बॉब डिलन हे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, त्या १९६० च्या दशकाच्या आरंभी ते कॅफे लीनात गायला आले असता श्रोते गप्पांत दंग झाले आणि बिल स्पेन्सर यांनी मंचावर जाऊन त्यांना गप्प बसून ऐकायला सांगितले, अशी आठवण कॅफेच्या इतिहासात सांगितली जाते. गायक किती मोठा होणार आहे हे त्या श्रोत्यांना कळण्याचा मार्ग नव्हता, आणि कळण्याची गरजही नव्हती. अनोळखी माणसाचेही गाणे पुरते ऐकून घ्यायचे, हा या जागांचा मूळ करार आहे.

या शांततेला ध्वनिशास्त्राचाही आधार आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते, आणि बंद खोलीत भिंती काही आवाज परत देत असल्या तरी फार मोठ्या सभागृहात तो उशिरा परतल्याने शब्द एकमेकांत मिसळतात. कथागीतात तर शब्दच सर्वस्व असतात, कारण वीस कडव्यांच्या गोष्टीतले एक कडवे निसटले की पुढचा धागा तुटतो. माणसांनी भरलेल्या लहान खोलीत मूळ आवाज सरळ कानावर येतो आणि ध्वनिवर्धकाचे काम अगदी थोडे उरते. कित्येक गट आजही सर्वांसाठी एकच संवेदनशील मायक्रोफोन मधोमध ठेवतात आणि ज्याची गाण्याची किंवा वाजवण्याची पाळी असेल तो पुढे सरकतो, त्याची झाली की मागे होतो.

अशा खोलीतच ज्यांची कला पुरती कळू शकली, त्यांत मिसिसिपी जॉन हर्ट यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९२८ मध्ये त्यांनी ओके कंपनीसाठी मेम्फिस आणि न्यूयॉर्क येथे काही गाणी ध्वनिमुद्रित केली, पण लगेच आलेल्या महामंदीत तबकड्यांचा बाजार बसला आणि ते मिसिसिपीतील ॲव्हलॉन या आपल्या गावी शेतमजुरीवर परतले. पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांच्याच एका गाण्यातील गावाच्या नावावरून टॉम हॉस्किन्स या संगीतप्रेमी तरुणाने त्यांना शोधून काढले. त्या वर्षी ते न्यूपोर्टला गायले आणि १९६६ मध्ये निधन होईपर्यंत क्लब ४७ सारख्या कॉफीहाऊसांतून त्यांचे गाणे ऐकले गेले. त्यांच्या वादनात उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या दोन-तीन तारांवर आळीपाळीने, घड्याळाच्या लंबकासारखा ठोका देत राहतो, आणि त्याच वेळी बोटे वरच्या तारांवर गाण्याची चाल काढतात, त्यामुळे एकाच गिटारीत ठेका आणि सूर दोन्ही ऐकू येतात. आवाज हळू, गाणे जवळजवळ बोलल्यासारखे. दहा पावलांवर बसलेल्या श्रोत्याला अंगठा आणि बोटे यांची ही वाटणी डोळ्यांनी दिसते, आणि अनेक तरुणांनी ती तशीच पाहून उचलली.

उत्तर कॅरोलायनाच्या एलिझाबेथ कॉटन यांचे उदाहरण याच जातीचे आहे. त्या डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार त्यांनी उलटी धरून आत्मसात केली, त्यामुळे सर्वसाधारण वादकाच्या अगदी विरुद्ध त्यांचा अंगठा चाल वाजवी आणि बोटे खर्ज सांभाळीत. सीगर कुटुंबाच्या घरी घरकाम करीत असताना त्यांचे वादन त्या घरातील मुलांच्या ध्यानात आले, त्यांतील माइक सीगर यांनी ते ध्वनिमुद्रित केले, साठीच्या उंबरठ्यापलीकडे, १९५८ मध्ये, त्यांची पहिली तबकडी निघाली आणि १९८५ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या दोघांच्याही बाबतीत लहान मैफलींनी केलेले काम केवळ कौतुकाचे नव्हते. वर्णभेदाने आणि गरिबीने दडपलेल्या कलावंतांना उतारवयात का होईना, त्यांच्या कलेचा मोबदला आणि मान मिळाला, ही या परंपरेची सर्वांत मोलाची कमाई आहे.

या मैफलींचे दुसरे लक्षण म्हणजे श्रोत्यांनी गाण्यात उतरणे. ध्रुवपद आले की सभागृह गायकाबरोबर गाते; सीगर यांची तर रीतच होती की पुढची ओळ येण्याआधी तिचे शब्द भरभर सांगून टाकायचे, म्हणजे गाणे ठाऊक नसलेल्यालाही ते धरता येते. वारकरी भजनात विणेकऱ्यामागून टाळकरी चरण उचलतात, त्याच्याशी हे जवळचे आहे. याच वृत्तीतून ‘साँग सर्कल’, म्हणजे वर्तुळात बसून प्रत्येकाने पाळीपाळीने गाणे सुचवायचे आणि सर्वांनी गायचे, ही बैठक रूढ झाली, आणि १९८८ मध्ये निघालेला, सुमारे १२०० गाण्यांचे शब्द व गिटारच्या खुणा एकत्र देणारा ‘राइज अप सिंगिंग’ हा संग्रह अशा बैठकींत हाताशी असतो.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेची गिटार आणि रॉक यांनी तरुणांचे लक्ष वेधले, क्लब ४७ ने १९६८ मध्ये दार लावले (त्याच जागी ‘पासिम’ उभे राहिले आणि आज ‘क्लब पासिम’ नावाने ते चालू आहे), आणि धंदा म्हणून कॉफीहाऊस चालवणे परवडेनासे झाले. त्यानंतर या परंपरेने जो आकार घेतला तो टिकाऊ ठरला. मार्बलहेड येथील युनिटेरियन चर्चमध्ये १९७० पासून चालत आलेले ‘मी अँड दी’ किंवा न्यूयॉर्क शहरात १९७९ मध्ये सुरू झालेले ‘पीपल्स व्हॉइस कॅफे’ अशा मालिका स्वयंसेवकांच्या मंडळांनी उभ्या केल्या. जागा चर्चची, खुर्च्या लावणे-आवरणे, तिकिटे फाडणे आणि ध्वनियंत्रणा सांभाळणे हे सर्व बिनपगारी. अनेक मंडळे ना-नफा संस्था म्हणून नोंदवलेली असतात, त्यामुळे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळते आणि अनुदानासाठी अर्ज करता येतो.

हिशेब मांडून पाहिला तर या व्यवस्थेची गरज लगेच पटते. समजा, साठ खुर्च्या आहेत, तिकीट वीस डॉलर आहे आणि सभागृह भरले आहे, तर जमा बाराशे डॉलर होते. त्यातले तीन चतुर्थांश गायकाला दिले तर त्याच्या हाती नऊशे पडतात, आणि प्रवास, मुक्काम व साथीदार यांत त्यांतले बरेच निघून जातात. उरलेल्या तीनशेंत भाडे, छपाई, विमा आणि हक्कशुल्क भागवायचे असते. एकाही माणसाला पगार द्यायचा ठरवला तर मालिका महिन्याभरात बंद पडेल. गायकही शुक्रवार-शनिवारच्या दोन मैफलींसाठी शेकडो मैल गाडी हाकू शकत नाही, म्हणून मधल्या वारी तो कोणाच्या तरी दिवाणखान्यात वीस-पंचवीस पाहुण्यांपुढे गातो. या घरगुती मैफलीत यजमान बहुधा काही ठेवून घेत नाही आणि जमलेली सगळी रक्कम बिदागी म्हणून गायकाकडे जाते.

हक्कशुल्काचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे. रचनाकारांच्या वतीने सार्वजनिक गायनाचे शुल्क गोळा करणाऱ्या संस्थांपैकी ‘एस्कॅप’ १९१४ मध्ये आणि ‘बीएमआय’ १९३९ मध्ये स्थापन झाली, आणि एका मैफलीत दोन्हींच्या सभासदांची गाणी येऊ शकत असल्याने आयोजकाला परवाने वेगवेगळे घ्यावे लागतात. पारंपरिक गाण्यांवर हक्क कोणाचाच नसतो, पण आज कोणते गाणे गायले जाईल याची हमी कोणता आयोजक देणार? रचनाकाराला मोबदला मिळायलाच हवा, कारण त्याच मंचावर बसणारा गीतकार-गायकही त्यावर जगतो; तरी महिन्यातून एकदा भरणाऱ्या मैफलीचा दर रोज चालणाऱ्या उपाहारगृहाच्या मापाने ठरू नये, ही मंडळांची मागणी न्याय्यच म्हणावी लागेल.

२०२० च्या मार्चमध्ये साथरोगाने ही सभागृहे एका आठवड्यात रिकामी केली, तेव्हा कॅफे लीनाने मैफली थेट प्रक्षेपित केल्या आणि पासिमने कलावंतांसाठी मदतनिधी उभारला. मैफली पुन्हा भरू लागल्या, पण जुनी चिंता कायम आहे: खुर्च्या लावणारे हात आणि खुर्च्यांवर बसणारे श्रोते बऱ्याच ठिकाणी एकाच पिढीचे आहेत आणि ती पिढी आता सत्तरीत आहे. तरुण गायक मिळतात, कारण मुख्य कार्यक्रमाआधीची वीस मिनिटे किंवा ‘ओपन माइक’, म्हणजे नाव नोंदवून कोणीही एक-दोन गाणी गाण्याची संध्याकाळ, त्यांच्यासाठी राखलेली असते. तरुण कार्यकर्ते मिळत नाहीत. या बाबतीत शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूलची पद्धत इतर मंडळांनी बारकाईने अभ्यासावी अशी आहे. तिथे वर्ग संपला की त्या संध्याकाळचे निरनिराळ्या इयत्तांचे विद्यार्थी, काल गिटार धरलेले आणि दहा वर्षे वाजवणारे, एका खोलीत जमून तीच गाणी एकत्र वाजवतात, आणि ‘सेकंड हाफ’ नावाने ओळखला जाणारा हा उत्तरार्ध शाळेच्या आरंभकाळापासून तिच्या शिकवण्याचा भाग राहिला आहे.