विश्लेषण : सूचना तंतोतंत पाळूनही ‘बिल्ड फेल्ड’ का दिसते?

दारव्हा : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, सादरीकरणाला उरलेले मोजके दिवस आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबी डेटा. डॉक्युमेंटेशनमधील प्रत्येक पायरी जशीच्या तशी केली, तरी पडद्यावर लाल अक्षरांत ‘बिल्ड फेल्ड’. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी घरून काम करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. शेजारी विचारायला कुणी नसते, त्यामुळे ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ असा समज करून अनेक जण इथेच थांबतात. प्रत्यक्षात कोडची एक ओळही तपासली जाण्याआधीच गाडी अडलेली असते. ती का अडते आणि कशी सोडवायची?

बिल्ड टूल नेमके काय करते?

लिहिलेल्या कोडपासून चालणारे अ‍ॅप तयार करणे हे बिल्ड टूलचे काम. अँड्रॉइडसाठी ग्रेडल वापरले जाते, तर जावाच्या इतर प्रकल्पांत मेव्हनही दिसते. लागणाऱ्या लायब्ररी इंटरनेटवरून आणणे, कोडचे रूपांतर करणे आणि सगळे एकत्र बांधणे ही कामे ते क्रमाने करते. त्यासाठी जावा, ग्रेडल आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन या तिघांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात.

सूचना बरोबर, मग चूक कुठे?

डॉक्युमेंटेशन ज्या दिवशी लिहिले गेले, त्या दिवशीच्या आवृत्त्यांसाठी ते बरोबर असते. विद्यार्थी मात्र आज उपलब्ध असलेली सर्वांत नवी आवृत्ती उतरवतो. दारव्ह्यावरून जाणारी ‘शकुंतला’ अडीच फुटांच्या नॅरोगेज रुळांवर धावायची; मूर्तिजापूरला पुढची ब्रॉडगेज गाडी धरायची तर उतरून गाडी बदलावीच लागे. दोष इंजिनात नव्हता की रुळांत नव्हता, माप वेगळे होते. इथेही तसेच होते.

दोन उदाहरणे पाहू. जुन्या धड्यांत लायब्ररी जोडण्यासाठी ‘कम्पाइल’ हा शब्द असतो. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या ग्रेडल ७.० ने तो काढून टाकला. आता ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहावे लागते. तसेच लायब्ररींचे भांडार म्हणून ‘जेसेंटर’चे नाव जुन्या फाइलींत हमखास सापडते. ते बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्येच झाली. त्याजागी ‘गूगल’ आणि ‘मेव्हन सेंट्रल’ ही भांडारे लिहावीत.

‘मेजर व्हर्जन ६५’ काय सांगते?

‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ हा संदेश बिचकवणारा असला, तरी उत्तर त्याच आकड्यात आहे. त्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे जावा १७, ५५ म्हणजे जावा ११. समजा, प्रकल्पात ग्रेडल ७.४ आहे आणि संगणकावर जावा २१. ग्रेडल ८.५ पासूनच जावा २१ वर चालते, म्हणून ७.४ अडते. अशा वेळी जावा १७ बसवणे हा सोपा मार्ग. ग्रेडल बदलायला गेले तर प्लगइनही बदलावे लागू शकते.

उलटेही घडते. एप्रिल २०२३ मधील अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.० ला जावा १७ लागते. जुने जावा ११ असेल तर संदेशातच तसे लिहून येते. ग्रेडलच्या अधिकृत संकेतस्थळावरील ‘कम्पॅटिबिलिटी मॅट्रिक्स’मध्ये कोणती आवृत्ती कशाबरोबर चालते, याचा तक्ता आहे.

अँड्रॉइड स्टुडिओत चालते, टर्मिनलमध्ये का नाही?

अँड्रॉइड स्टुडिओ सहसा स्वतःसोबत आलेले जावा वापरतो. टर्मिनलमध्ये मात्र ग्रेडल ‘जावा होम’ या सेटिंगमध्ये दिलेला पत्ता पाहते. एकाच संगणकावर दोन वेगळे जावा असल्याने निकालही वेगळा येतो. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ग्रेडल रॅपरला ‘व्हर्जन’ विचारले, की ग्रेडल आणि ते वापरत असलेले जावा, दोन्हींच्या आवृत्त्या दिसतात. ‘जावा होम’ बदलल्यावर टर्मिनल बंद करून नवे उघडावे. आधीपासून उघड्या खिडकीला बदल कळत नाही.

मराठी नावाचे फोल्डर अडते का?

हो, विंडोजवर अडू शकते. खात्याचे नाव देवनागरीत ठेवले असेल तर त्याच नावाचे फोल्डर तयार होते आणि प्रकल्प त्यात असल्यास ‘प्रोजेक्ट पाथ’मध्ये ‘नॉन-आस्की कॅरॅक्टर्स’ असल्याची तक्रार येते. नंतर खात्याचे नाव इंग्रजीत केले तरी जुन्या फोल्डरचे नाव बदलत नाही. प्रकल्प थेट ‘सी’ ड्राइव्हवर, इंग्रजी नावाच्या आणि मोकळी जागा नसलेल्या फोल्डरमध्ये हलवणे हा सोपा उपाय.

डेटा कसा वाचवायचा?

‘कॅशे डिलीट करून बघ’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र त्यानंतर सर्व लायब्ररी पुन्हा उतरवाव्या लागतात. ग्रेडलची मूळ फाइलच शंभर एमबीहून मोठी आहे. त्यामुळे हा उपाय शेवटी करावा.

ओळखीच्या वर्गमित्राकडे तोच प्रकल्प, त्याच ग्रेडल आवृत्तीवर चालत असेल तर त्याच्या ‘डॉट ग्रेडल’ फोल्डरमधील ‘कॅशेस’खालचे ‘मॉड्यूल्स-२’ पेन ड्राइव्हवर आणून आपल्याकडे त्याच जागी ठेवता येते. कॉपी करताना ग्रेडल बंद असावे आणि त्यातील ‘लॉक’ फाइली व ‘जीसी प्रॉपर्टीज’ ही फाइल वगळावी. मग ‘ऑफलाइन’ पर्याय देऊन बिल्ड चालवता येते.

अडल्यावर काय करावे?

• डॉक्युमेंटेशन कोणत्या आवृत्तीचे आहे, ते आधी पाहा. ग्रेडलच्या जुन्या आवृत्त्यांचे डॉक्युमेंटेशनही उपलब्ध असते.

• संदेशातील ‘व्हॉट वेंट राँग’ हा भाग वाचा. यादी लांबलचक असेल तर सर्वांत शेवटचे ‘कॉज्ड बाय’ शोधा. मूळ कारण बहुधा तिथे असते.

• एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. चार बदल एकदम केले तर कशाने काम झाले किंवा बिघडले, हे कळत नाही.

• मदत मागताना फक्त ‘एरर येतोय’ म्हणू नका. पूर्ण संदेश, आवृत्त्या आणि आतापर्यंत काय करून पाहिले ते द्या. मोबाइलने काढलेल्या अर्धवट फोटोपेक्षा कॉपी केलेला मजकूर उपयोगी पडतो.

आवृत्त्या एकदा जुळल्या की त्या प्रकल्पाच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये नोंदवून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी तोच प्रकल्प हाती घेणाऱ्या मुलाचा दिवस आणि डेटा दोन्ही वाचतील.