रुपयात एक आणा खरा!

जुन्या ग्राफिक्स कार्डाला एआयची फोडणी दिली की गेम पळायला लागतो म्हणतात. मग नव्या कार्डाचे पैसे वाचले का? डोंबिवली, ठाणे आणि कल्याण... एका वीकेंडला तीन घरं हिंडून घेतलेला हा शोध!

शुक्रवारची रात्र. ऑफिसातून सुटून डोंबिवली फास्ट पकडायची, शर्टाची इस्त्री गर्दीला अर्पण करायची, घरी येऊन आमटी-भात ओरपायचा आणि साडेदहाला पीसी ऑन! आठवडाभर बॉसचं ऐकून घेतल्यावर हे दोन तास माझे असतात. फुल्टू माझे.

अडचण एकच. आमचं घर वन-बीएचके. पीसी हॉलमध्ये आणि हॉलमध्येच आई झोपते. 'सायबरपंक २०७७' सुरू केला की ग्राफिक्स कार्डाचे पंखे असे काही फिरायला लागतात, जणू कोपऱ्यावरची पिठाची गिरणीच! "अरे, ते विमान उतरव आता," आई अंधारातून ओरडते. त्यात मे महिना असला की खोलीची भट्टी होते ती वेगळीच.

माझं कार्ड आरटीएक्स ३०६०. २०२१ साली बाजारात आलेलं, म्हणजे या धंद्यात तसं प्रौढच. गेममध्ये 'रे ट्रेसिंग' लावलं, म्हणजे उजेड, सावल्या आणि पावसाच्या डबक्यातली प्रतिबिंबं अगदी खऱ्यासारखी हवी असं म्हटलं, की फ्रेम्स पंचविशीत अडकतात. गेमिंगमध्ये सगळं आयुष्याच्या उलट असतं बघा. पंचविशी म्हणजे हाल, चाळिशी म्हणजे बरं चाललंय आणि साठी म्हणजे स्वर्ग!

बोनस झाला होता. नवं कार्ड घ्यायचं असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात एका रात्री सेटिंग्जमध्ये 'डीएलएसएस - क्वालिटी' असा पर्याय निवडला आणि पंचविशी एकदम चाळिशीच्या घरात! मग रे ट्रेसिंग बंद केलं आणि फ्रेम्सना साठचा लगाम घातला. आता कार्डाला फार मेहनतच उरली नाही. पंखे गप्प झाले. आई झोपली. चित्र? मला तरी फरक दिसेना.

फुकटात एवढं मिळालं की मराठी माणसाला आधी संशय येतो. मलाही आला.

आमच्या घरात आजोबांचा एक मोठा फोटो आहे. मूळ फोटो बोटभर, कुठल्याशा ओळखपत्रावरचा. आजोबा गेल्यावर काकांनी तो कल्याणच्या एका स्टुडिओत 'एन्लार्ज' करायला दिला. स्टुडिओवाल्याने फोटो मोठा केलाच, वर ब्रशने भुवया कोरल्या, डोळ्यांत चमक भरली आणि अंगात कोट चढवला. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता! पण लांबून काय रुबाबदार दिसतात म्हणून सांगू.

एआय अपस्केलिंग म्हणजे हेच, फक्त सेकंदाला साठ वेळा. माझा मॉनिटर साधा १०८०पी, त्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. क्वालिटी मोडमध्ये कार्ड प्रत्यक्षात १२८० बाय ७२०चं, म्हणजे ९ लाख २१ हजार ६०० ठिपक्यांचंच चित्र काढतं. उरलेल्या निम्म्याहून जास्त ठिपक्यांची भरपाई एआय करतं.

आता हा स्टुडिओवाला नुसती कल्पना लढवत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. लोकलच्या गर्दीत तुम्ही आत उभे असता. दारातल्या माणसांच्या खांद्यांमधून स्टेशनच्या पाटीचा आधी 'को' दिसतो, गाडी जरा पुढे गेली की 'प', मग 'र'. डोकं ते जुळवतं आणि कोपर आलं हे तुम्हाला कळतं. डीएलएसएस असंच करतं. प्रत्येक फ्रेमला कॅमेरा ठिपक्याच्या काही अंशाने हलवतात, कोणती वस्तू कुठून कुठे सरकली हे गेम सांगतो आणि आधीच्या फ्रेम्समधले तुकडे जुळवून चित्र उभं राहतं. एनव्हिडियाने २०१८ साली हे आणलं तेव्हा प्रत्येक गेमसाठी एआयला वेगळं शिकवावं लागायचं आणि चित्र असं धुरकट, की चष्म्यावर वाफ धरल्यासारखं! मार्च २०२०मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिथून मामला सुधारला. जानेवारी २०२५मध्ये एआयचं आणखी शहाणं मॉडेल आलं आणि ते २०१८च्या जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं. जुन्या गिऱ्हाइकाला मागाहून फुकट काही मिळतं, असे प्रसंग किती येतात आयुष्यात?

शनिवारी ठाण्याला गेलो. कॉलेजचा मित्र घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो. स्टेशनपासून रिक्षाने मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने रांगत पोचेपर्यंत माझी बॅटरी संपली होती. त्याच्या हॉलमध्ये भिंतभर फोर-के टीव्ही आणि खाली नवंकोरं आरटीएक्स ५०७०. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दीडशेच्या वर नाचतोय!

"बघ, दीडशे! तुझं किती येतं?"

"चाळीस."

वहिनी सोफ्यावरून म्हणाल्या, "मला तर काही कळत नाही तुमचं. जेवायला बसताय का?"

फोर-के म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. मित्राने 'परफॉर्मन्स' मोड लावला होता, म्हणजे आतमध्ये चित्र माझ्याच १०८०पीचं, बरोब्बर पाव. आणि खरं सांगतो, दहा फुटांवरून ते झकास दिसत होतं. पडदा जितका बारीक ठिपक्यांचा, तितका एआयच्या हाताशी कच्चा माल जास्त. इथपर्यंत मी फिदा.

पण त्याच्यावर त्याने 'मल्टी फ्रेम जनरेशन' चौपटीवर ठेवलं होतं. पडद्यावरच्या चार फ्रेम्सपैकी एक कार्डाने काढलेली, तीन एआयने मधे घुसवलेल्या. आता हिशोब करा. एका फ्रेमचा पाव भाग खरा आणि चारातली एकच फ्रेम खरी. म्हणजे सोळा ठिपक्यांपैकी एक! आपण 'सोळा आणे सच' म्हणतो ना? इथे रुपयात एक आणा कार्डाचा, पंधरा आणे एआयचे.

बघायला हरकत नव्हती. मी माउस हातात घेतला आणि गाडं अडलं. मान वळवली की चित्र वळायचं, पण किंचित मागून. घोटभर दारू प्यायलेल्या माणसासारखं. का? समजा तुमच्याकडे कल्याणचा आणि ठाण्याचा फोटो आहे आणि मधल्या डोंबिवलीचा फोटो अंदाजाने बनवायचाय. त्यासाठी ठाण्याचा फोटो आधी हातात यायला हवा. तो आला की लगेच दाखवायचा नाही, मागे धरून ठेवायचा, आधी बनावट डोंबिवली दाखवायची आणि मग ठाणे. तेवढा उशीर तुमच्या हाताला जाणवतो. शिवाय मधल्या तीन फ्रेम्सना तुम्ही बटण दाबल्याचा पत्ताच नसतो. पडद्यावर दीडशे असले तरी हाताला मिळतात ते चाळीसच, तेही उशिरा.

आम्ही जनरेशन दुपटीवर आणलं, रे ट्रेसिंग थोडं कमी करून मुळातल्या फ्रेम्स साठच्या पुढे नेल्या. मग मात्र सगळं लोण्यासारखं! म्हणजे ज्याच्याकडे आधीच साठ आहेत त्याला एआय शंभर-सव्वाशे देतं, आणि ज्याच्याकडे तीस आहेत त्याला फसवतं. श्रीमंताला कर्ज लगेच मिळतं तसंच काहीसं. आणि तुम्ही 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' गाजवणारे असाल तर या बनावट फ्रेम्सच्या वाटेलाच जाऊ नका. तिथे दिसणं महत्त्वाचं नाही, समोरच्याच्या आधी गोळी सुटणं महत्त्वाचं.

रविवारी कल्याण. मावशीकडे, पारनाक्याला. मावशीच्या साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारताना मावसभावाने मोबाइल पुढे केला. "दादा, हे बघ. दुकानातून आलंय." व्हॉट्सअॅपवर नव्या कार्डाचं पोस्टर. त्यावर दोन उभ्या पट्ट्या, जुन्या कार्डाची बुटकी आणि नव्याची गगनचुंबी. खाली डोळ्यांना त्रास होईल इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं: फ्रेम जनरेशन चालू असताना.

त्याची पहिलीच नोकरी. सहा महिने पगारातून बाजूला काढलेले पैसे. आणि मी घरातला 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' दादा! आपण काही चुकीचं बोललो तर पैसे त्याचे जाणार, हे ओझं ज्याने उचललंय त्यालाच कळेल.

आधी त्याचं जुनं मशीन बघितलं. जीटीएक्स १६५०, चार जीबी मेमरीचं. या कार्डात एआयचं गणित करणारे खास भागच नाहीत, त्यामुळे डीएलएसएस नाही. एएमडीचं एफएसआर मात्र चालतं. २०२१मध्ये एएमडीने ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालेल असं खुलं ठेवलं, हे त्यांचे उपकारच. पण त्यात तेव्हा एआय नव्हतं. एआय आलं ते २०२५च्या एफएसआर ४मध्ये, आणि ते एएमडीने आपल्या त्याच वर्षीच्या नव्या कार्डांसोबत आणलं.

भाऊ एफएसआर परफॉर्मन्सवर ठेवून खेळत होता. १०८०पीच्या पडद्यावर आत फक्त ९६० बाय ५४०. जेमतेम ५ लाख १८ हजार ठिपके! गेम चालत होता, पण तारा, जाळ्या, कठडे यांच्यावर मुंग्या फिरल्यासारखी चुळबुळ, आणि धावत्या गाडीमागे तिच्याच भुताची शेपटी. "तासाभरात डोकं दुखतं रे," तो म्हणाला. बोटभर फोटो एन्लार्ज होतो, पण फोटो नखाएवढा असेल तर स्टुडिओवाला आजोबांच्या जागी भलतंच कुणी रंगवणार!

म्हणजे नव्या कार्डाची त्याला खरंच गरज आहे. प्रश्न कोणतं, हा. पोस्टरवरची पट्टी मोजायची नाही, एवढं त्याला नीट समजावलं. एकट्या दुकानदाराला तरी काय बोलायचं? जानेवारी २०२५मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात खुद्द एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या ५०७०मध्ये ४०९०ची कामगिरी मिळेल असं सांगितलं होतं. ४०९० म्हणजे १,५९९ डॉलरला आलेलं कार्ड! हे एआयच्या जोरावर, असंही ते म्हणाले. टाळ्या मात्र पहिल्या वाक्याला. दुसरी गोष्ट मेमरीची. बनवलेल्या फ्रेम्सनाही कार्डाची मेमरी लागतेच. आठ जीबीचं कार्ड नव्या जड गेममध्ये आधीच काठोकाठ भरतं, त्यात हा पाहुणा आला की गेम अडखळणार.

माझा खरा राग गेम बनवणाऱ्यांवर आहे. अपस्केलिंग आलं ते गरिबाच्या मदतीला. ऑक्टोबर २०२३च्या 'अॅलन वेक २'ने मात्र कार्डांच्या यादीत अगदी खालच्या पायरीलाही अपस्केलिंग गृहीत धरलं. फेब्रुवारी २०२५च्या 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'ने तर कहर केला. शिफारस केलेल्या मशीनवर १०८०पीला साठ फ्रेम्स, त्याही फ्रेम जनरेशन लावून! काठी हातात दिली तर यांनी चालणंच सोडलं. याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आठवा. २०२०मध्ये तो निन्टेंडो स्विचसारख्या चिमुकल्या यंत्रावर आधी आला. राजस्थानी महाल आणि पहाडी चित्रांचे रंग, बस्स. भावाच्या त्याच थकलेल्या कार्डावर आम्ही तो लावला आणि मावशीही पदराला हात पुसत येऊन बघत उभी राहिली.

माझ्यापुरता निर्णय मी परतीच्या लोकलमध्येच घेतला. नवं कार्ड नाही. बोनसमधून मॉनिटर बदलतोय, २७ इंची, १४४०पी. वेडा झालोय वाटतं? हिशोब बघा. १४४०पीवर डीएलएसएस क्वालिटी लावलं की आत सुमारे १६ लाख ३८ हजार ठिपकेच काढावे लागतात. माझ्या जुन्या पडद्यावर अपस्केलिंगशिवाय काढायचे त्याहून सव्वाचार लाख कमी! एआयचं स्वतःचं काम थोडा वेळ खातं, त्यामुळे वेग साधारण तोच राहील, पण चित्र कितीतरी रेखीव. शिवाय २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीचे भाव असे काही चढवले, की मायक्रॉनने तुमच्या-आमच्यासाठीचा 'क्रूशियल' ब्रँडच आवरायला काढला. जे एआय माझं जुनं कार्ड तगवतंय, तेच नवा पीसी महाग करतंय. घ्या!

मावसभावाचं अजून ठरायचंय. त्याला एक प्रश्न पाठ करून घेतलाय: "फ्रेम जनरेशन बंद ठेवून, १०८०पीवर, याच गेममध्ये किती?" दुकानदार उत्तर देईपर्यंत पाकीट बाहेर काढायचं नाही. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ म्हणत होता, पण मेगाब्लॉक आडवा आला. आता शनिवारी तो हाफ डे टाकतोय. मी दादरला पुलावर भेटणार आहे.