एव्हरेस्टची चढाई मे महिन्यातच का?

२५ मे १९६०. नवांग गोंबू, सोनम ग्यात्सो आणि नरेंद्र कुमार हे तीन भारतीय गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यापासून दोनशेहून थोडे अधिक मीटर खाली उभे होते. शिखर समोर होते, अंगात बळही होते. पण वारा इतका बेफाम सुटला होता की पुढे जाणे म्हणजे मरणाला हाक मारणे. तिघेही परत फिरले. दोन वर्षांनी, ३० मे १९६२ रोजी, दुसऱ्या भारतीय मोहिमेलाही वाईट हवेमुळे माथ्याच्या सव्वाशे-दीडशे मीटर खालून परतावे लागले.

मग १९६५ साली कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिसरी मोहीम निघाली. २० ते २९ मे या दहा दिवसांत चार तुकड्यांतून तिचे नऊ गिर्यारोहक माथ्यावर पोहोचले! पर्वत तोच, वाटही तीच. मग असे काय घडले? उत्तरासाठी आपल्याला आधी आकाशाकडे आणि मग बर्फाकडे पाहावे लागेल.

दोन शत्रूंमधली फट

एव्हरेस्टची उंची सुमारे ८,८४९ मीटर आहे. दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. समुद्रकिनारी ३० अंश सेल्सिअस असेल, तर माथ्यावर किती? गणित करून पाहा. उत्तर शून्याखाली २७ अंशांच्या आसपास येईल. हवेचा दाब तर समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशच असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी.

तरीही थंडीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे वारा. पृथ्वीभोवती फार उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट वारे म्हणतात. हिवाळ्यात असाच एक पट्टा हिमालयावरून वाहतो आणि एव्हरेस्टचा माथा थेट त्याच्या तडाख्यात सापडतो. तेव्हा तेथील वारा कधी कधी ताशी १५० किलोमीटरच्याही पुढे जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, हे लक्षात घ्या. शिवाय कातडीलगतचा उबदार हवेचा थर वारा सतत पळवून नेतो. त्यामुळे उघडे बोट काही मिनिटांत गोठू शकते.

उन्हाळा चढू लागला, तिबेटचे पठार तापले, की हा पट्टा उत्तरेकडे सरकतो. माथ्यावरचा वारा मंदावतो. पण तोवर दुसरा पाहुणा वाटेवर असतो, तो म्हणजे मोसमी पाऊस! ज्या पावसाची आपण जूनच्या आरंभी कोकणात वाट पाहतो, त्याचीच बंगालच्या उपसागरावरून जाणारी शाखा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्व नेपाळात पोहोचते. आपल्याकडे तो पाऊस असतो, एव्हरेस्टवर मात्र हिम.

जेट वारे गेले आहेत आणि मोसमी ढग अजून आलेले नाहीत, अशी ही जी फट, ती बहुधा मेच्या उत्तरार्धात सापडते. शरद ऋतूतही अशी एक फट असते. पण तेव्हा दिवस लहान होत जातात आणि थंडी व वारा रोज वाढत जातो. हिवाळ्यात चढाई अशक्य नाही. १९८० च्या फेब्रुवारीत पोलंडच्या दोघांनी ती करून दाखवली. पण तो अपवाद.

नवे हिम, जुने हिम

वारा थांबला म्हणजे लगेच निघावे, असे मात्र नाही. नुकते पडलेले हिम भुसभुशीत असते. जुन्या थराशी ते घट्ट चिकटलेले नसते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असा थर एका माणसाच्या वजनानेही सुटतो आणि हिमलोट खाली कोसळतो. याहून कमी उतारावर हिम सहसा घसरत नाही, फार उभ्या कड्यावर ते साठतच नाही. म्हणून मधला उतारच जास्त धोक्याचा!

घरी हे करून पाहा. एका गुळगुळीत पाटावर गव्हाच्या पिठाचा थर हाताने दाबून बसवा. त्यावर साखरेचा पातळ थर पसरा आणि वर पुन्हा पीठ घालून हलके दाबा. आता पाट एका बाजूने हळूहळू उचला. वरचे पीठ साखरेवरून एकदम घसरेल. बर्फातही असाच दुबळा थर दडलेला असतो. म्हणून मोठ्या हिमवृष्टीनंतर नवे हिम बसेपर्यंत जाणते गिर्यारोहक थांबतात.

रात्रीच्या थंडीत बर्फ टणक राहतो, उन्हाने मऊ पडतो. भेगांवरचे हिमाचे पूल तेव्हा दगा देतात. म्हणूनच खुंबूचा धोकादायक हिमप्रपात पहाटेपूर्वी ओलांडायला सुरुवात करतात.

उलटी मोजणी

आता मोहिमेचे वेळापत्रक पाहा. ते शेवटाकडून मोजतात. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. म्हणजे मेच्या मध्याला तयार असायचे, तर एप्रिलमध्येच सुमारे ५,३०० मीटर उंचीची तळछावणी गाठायला हवी. तेथून माथ्यावर जायला चार-पाच दिवस लागतात. म्हणून आजची नव्हे, पाच दिवसांनंतरची हवा कळायला हवी. आज उपग्रह आणि संगणक हे अंदाज देतात. १९५३ साली हिलरी व तेनसिंग यांच्या मोहिमेसाठी आकाशवाणी व बीबीसीवरून खास हवामानवृत्त दिले जात असे.

समुद्रावरही लक्ष ठेवावे लागते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले. दोनच दिवसांत त्याच्या उरलेल्या बाष्पाने नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात प्रचंड हिमवृष्टी केली आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली.

शेवटच्या दिवशी घड्याळच राजा असते. दुपारी ढग दाटू लागतात. म्हणून सुमारे ७,९०० मीटरवरच्या साउथ कोल या खिंडीतून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात आणि परत फिरण्याची वेळ आधीच ठरवतात. १० मे १९९६ रोजी अनेकजण ठरलेली वेळ उलटून गेल्यावरही वर चढत राहिले. संध्याकाळी वादळ आले. त्या वादळात आठ जण मृत्युमुखी पडले.

पुन्हा १९६५ कडे

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. १९६५ च्या मोहिमेचे सामान एप्रिलच्या अखेरीस वरच्या छावण्यांत पोहोचले होते. पण हवा बिघडली आणि नेत्याने सर्वांना तळछावणीवर उतरवले. मेच्या मध्यापर्यंत सारे थांबले. हातातोंडाशी आलेले शिखर सोडून खाली उतरणे किती जिवावर आले असेल! पण योग्य फट सापडताच त्यांनी चार वेळा माथा गाठला. विशेष म्हणजे १९६० साली माघारी फिरलेले गोंबू आणि ग्यात्सो हे दोघेही त्या नऊ जणांत होते. पाच वर्षांपूर्वी ते परत फिरले, म्हणूनच पुन्हा वर जायला जिवंत राहिले.