विडी वळणारीचं नाव कोणाच्या वहीत?

भिंगारहून आम्ही बोलतोय. हातातलं काम थांबवू नका, ते करता करता ऐका. आजचा विषयही हातातल्या कामाचाच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आधीचे २९ केंद्रीय कायदे एकत्र करून त्या तयार केल्या आहेत. एक वेतनाची, एक मालक आणि कामगार यांच्या संबंधांची, एक सामाजिक सुरक्षेची आणि एक कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेची व आरोग्याची. यामुळे उद्योग वाढतील आणि रोजगार वाढेल, असं सरकार म्हणतं. यामुळे कामगाराचं संरक्षण कमी होईल, असं अनेक कामगार संघटना म्हणतात. आपल्यासारख्या बायकांना मात्र आधी एवढंच कळून घ्यायचं असतं, की यात आपलं काय होणार?

याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एक जुना धंदा आहे. विडीचा. नगर शहरात पद्मशाली समाजाच्या वस्त्यांत आणि तिकडे संगमनेरला बायकांच्या पिढ्यान् पिढ्या मांडीवर सूप घेऊन बसल्या. कामगार कायदा बदलला की काम कसं हलतं, हे या सुपात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

कायदा आला, काम घरी गेलं

१९६६ साली संसदेनं विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. हेतू चांगला होता. विडी कारखान्याला परवाना हवा. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास यापेक्षा जास्त काम नको. हवा, उजेड, प्यायचं पाणी, संडास हवा. वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा हवी. बायकांची संख्या जास्त असेल तिथे पाळणाघर हवं.

आता मालकाच्या बाजूनं हिशेब मांडून बघू. शंभर बायका एका छपराखाली बसवल्या तर या सगळ्याचा खर्च येतो. पण तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा मोजून ठेकेदाराच्या हाती दिला आणि विड्या घरोघरी वळून घेतल्या तर? जागा बाईची. दिवा बाईचा. पाणी बाईचं. मूल तिच्याच मांडीशेजारी. पानं भिजवायला आणि कापायला शाळेतून आलेली लेक. घरी विडी वळणं आधीही चालत होतं, पण या कायद्यानंतर देशात अनेक ठिकाणी कारखान्यातलं काम झपाट्यानं घरांकडे वळलं.

कायदा करणाऱ्यांना घरचं काम दिसत नव्हतं असं नाही. घरी विडी वळणारी बाईसुद्धा मालकाची कामगारच, असं या कायद्यात लिहिलं होतं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयानं कायदा वैध ठरवला. पुढे १९८५ साली आणखी एका खटल्यात सांगितलं, की घरून काम करणाऱ्या विडी कामगारालाही भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपण ज्याला पीएफ म्हणतो तो, लागू आहे.

मग अडलं कुठे? अडलं वहीत. कायद्यात एक सूट होती. स्वतःच्या घरात, घरच्यांच्या मदतीनं, स्वतःचा धंदा म्हणून विड्या करणाऱ्याला हा कायदा लागू नव्हता. देशात अनेक ठिकाणी ठेकेदारांनी या सुटीचा फायदा घेतला. कागदावर असं दाखवायचं, की आम्ही बाईला पानं आणि तंबाखू विकतो आणि तिच्याकडून विड्या विकत घेतो. म्हणजे ती कामगार राहिली नाही, व्यापारी झाली! व्यापाऱ्याला कसला पीएफ आणि कसली बाळंतपणाची रजा? काम तेच, सूप तेच, बोटं तीच. फक्त वहीतला शब्द बदलला.

केरळात काय झालं

हाच कायदा केरळात लागू करायची वेळ आली तेव्हा, १९६८ साली, कण्णूर भागातल्या एका मोठ्या विडी कंपनीनं तिथलं काम बंद केलं. हजारो कामगार एका फटक्यात रिकामे झाले. कायद्यानं रोजगार जातो असं म्हणणारे हे उदाहरण देतात, आणि ते खोटं नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९६९ साली सरकारच्या मदतीनं कामगारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, केरळ दिनेश विडी. त्यांनी किमान वेतन दिलं, रजा दिली, पीएफ भरला आणि तरीही माल बाजारात विकून दाखवला. एके काळी तीस हजारांहून जास्त कामगार त्यात होते. पुढे विडी ओढणारे कमी झाले तेव्हा संस्थेनं खाद्यपदार्थ आणि छत्र्या बनवायला सुरुवात केली. विडीतले हात कमी झाले, पण संस्था बुडाली नाही.

आपल्याकडे सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर वेगळी गोष्ट मिळवली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली ती घरं बायकांच्या ताब्यात आली. घर मिळण्यासाठी आधी काय लागलं? आपण विडी कामगार आहोत, याचा कागद.

उत्पादकता म्हणजे काय?

हा शब्द बातम्यांत सारखा येतो. साध्या भाषेत, एका माणसाच्या एका दिवसाच्या कामातून किती आणि किती मोलाचा माल निघतो, ती उत्पादकता. मजुरी वाढायची तर कधी ना कधी ही वाढावी लागते.

विडीत ती वाढत नाही. चांगला हात असलेली बाई पूर्ण दिवस बसली तर हजाराच्या आसपास विड्या होतात. तिच्या आजीच्याही तेवढ्याच होत होत्या. यंत्र नाही, प्रशिक्षण नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पान खराब निघालं तर तोटा बाईचा, छाट निघाली तर तोटा बाईचा. जोखीम दुसऱ्यावर ढकलता येते तेव्हा ठेकेदाराला चांगली पानं द्यायची किंवा काम सुधारायची गरजच पडत नाही. वर तंबाखूची धूळ छातीत जाते ती वेगळीच.

म्हणून लक्षात घ्या. काम विखुरलं आणि लपलं की रोजगाराचा आकडा कदाचित टिकतो, पण उत्पादकता आणि मजुरी दोन्ही तळाशी राहतात. हे विडीपुरतंच खरं नाही. शिलाई, अगरबत्ती, पापड, गोधडी, घरी दिल्या जाणाऱ्या कुठल्याही कामाला हे लागू आहे.

दहा, वीस, शंभर, तीनशे

आता नव्या संहितांकडे येऊ. कामगार कायद्यात आकड्यांना फार महत्त्व असतं. इतके कामगार असतील तर हा नियम लागू. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की तो आजवर 'कारखाना' ठरत होता. आता वीस लागतील. वीज नसेल तर आधी वीस, आता चाळीस. कंत्राटी कामगारांचा कायदा वीस जणांना लागू होता, आता पन्नासला. कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारची परवानगी शंभर कामगारांपासून लागत होती, आता तीनशेपासून.

हे आकडे वाढवले का? सरकारचं म्हणणं असं, की शंभराची रेघ असली तर मालक नव्व्याण्णववरच थांबतो. धंदा वाढवत नाही, किंवा वाढलेलं काम कंत्राटदाराला देतो. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५८ ते १९९२ या काळातल्या भारतातल्या राज्यांचा अभ्यास करून २००४ साली मांडलं, की ज्या राज्यांनी औद्योगिक विवाद कायदा कामगारांच्या बाजूनं बदलला, तिथे नोंदणीकृत कारखान्यांतलं उत्पादन आणि रोजगार मागे पडला आणि नोंदणी नसलेल्या छोट्या जागांतलं उत्पादन वाढलं. दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. कोणता बदल कामगारांच्या बाजूचा, हेच त्यांनी नीट ठरवलं नाही, असं ते म्हणतात. शिवाय कारखाना वाढायला वीज, रस्ता, कर्ज आणि गिऱ्हाईकही लागतं. फक्त कायदा सैल केला म्हणून शहराच्या त्या टोकाला नागापूरच्या एमआयडीसीत उद्या भरती निघेल, असं समजायचं कारण नाही.

आम्हाला यातून एवढं कळतं. रेघ खाली असली की मालक रेघेखाली लपतो. रेघ वर नेली की जास्त कामगार रेघेखाली जातात. बाईला संरक्षण मिळायचं असेल, तर निदान काही हक्क कुठल्याच रेघेवर अवलंबून नसावेत.

नव्या संहितांत धरून ठेवण्यासारखं

असे काही हक्क यात आहेत. त्यातले काही आकडा न बघता मागता येतात.

किमान वेतन आता ठराविक धंद्यांपुरतं राहिलेलं नाही, सगळ्या कामगारांसाठी आहे. त्याच कामाला बाईला आणि पुरुषाला वेगळी मजुरी देता येत नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं आहे. ठराविक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष काम केलं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. जादा तासांना दुप्पट दर आहे.

बायकांना रात्रपाळी करता येते, पण तिची संमती घेऊन आणि सुरक्षिततेची सोय करून. संमती म्हणजे आपण 'हो' म्हटलं तरच. कारखान्याच्या दारात सुरक्षा आहे, पण पहाटे भिंगारच्या घरापर्यंत पोचायला गाडी नाही, तर 'हो' म्हणायच्या आधी गाडीचं विचारा. गाडी नसेल तर चांगला पगारही कामाला येत नाही.

१९६६ चा विडी कायदाही या संहितांमध्येच विलीन झाला आहे. म्हणून घरी बसून काम करणाऱ्या बाईसाठी जुना प्रश्न नव्यानं उभा आहे. ती कामगार की व्यापारी? कोणाच्या वहीत तिचं नाव काय म्हणून लिहिलंय?

गटानं करायची कामं

तीस वर्षं विडी वळून जिच्या नावावर पीएफचा एक रुपया नाही आणि जिला महिन्याला पेन्शन येतं, या दोघींच्या बोटांत फरक नसतो, कागदात असतो. पीएफच्या पेन्शनसाठी निदान दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते आणि ते ५८ व्या वर्षी सुरू होतं. २०१४ पासून या पेन्शनची किमान रक्कम महिन्याला हजार रुपये आहे. हजार रुपयांत घर चालत नाही, हे आम्हालाही कळतं. पण म्हातारपणी औषधासाठी कोणापुढे हात पसरायचा नसेल, तर हजारही मोठे असतात. आणि न नोंदलेली वर्षं मागून भरून काढणं फार अवघड जातं.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा.

एक. गटात कोण कोण मजुरीवर काम करतं त्याची यादी करा. घरी बसून दुसऱ्याच्या मालावर काम करणाऱ्याही त्यात घ्या. 'मी काही काम करत नाही, घरीच असते,' असं म्हणणारीला दोनदा विचारा.

दोन. प्रत्येकीनं एक वही घालावी. तारीख, किती माल आला, किती काम दिलं, छाट किती काढली, पैसे किती मिळाले. ठेकेदाराची सही मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तरी रोज लिहिलेली वही तक्रारीच्या वेळी कामी येते.

तीन. पीएफ कापला जात असेल तर आपला बारा आकडी यूएएन नंबर मागून घ्या. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते बघा. मालक बदलला तरी नंबर तोच ठेवा.

चार. पीएफ नसेल आणि वय १६ ते ५९ मध्ये असेल तर ई-श्रमवर नोंदणी करा. नोंदणी मोफत आहे. त्यानं पगार वाढत नाही, पण आपण कामगार आहोत याची सरकारदरबारी नोंद होते.

पाच. विडी कामगारांनी ओळखपत्र जपून ठेवावं. मुलांच्या शिष्यवृत्तीला आणि दवाखान्याला ते लागतं.

सहा. नेमणूक पत्र आणि थकलेली मजुरी एकटीनं मागू नका. चार जणी मिळून जा. एकटीला 'उद्यापासून येऊ नको' म्हणणं सोपं असतं. दहा जणींना तसं म्हणताना ठेकेदारही विचार करतो, कारण दुसऱ्या दिवशी माल त्यालाही पुढे पोचवायचा असतो.

मैत्रिणींनो, कायदा दिल्लीत बदलतो, पण तो आपल्यापर्यंत पोचतो की दारावरूनच परत जातो, हे ठेकेदाराच्या वहीतल्या एका ओळीवर ठरतं. ती ओळ काय म्हणते, हे या आठवड्यात विचारा. यादी तयार झाली की गटाच्या नावानं आम्हाला कळवा. पुढच्या भागात नेमणूक पत्र कसं वाचायचं ते एकेक ओळ करून बघू. तोवर, येतो आम्ही.