इराद्याचे प्रतिज्ञापत्र आणि जात

वसई-विरारच्या महाविद्यालयांतली आपली मुलेही आता अमेरिकेची भाषा बोलू लागली आहेत. तिथे गेले की जात सुटेल, ही त्यामागची एक आशा. म्हणून तिथल्या नागरिकत्वाचा हा इतिहास त्यांनी समजून घेतला पाहिजे.

१९०६ च्या अमेरिकन कायद्यानुसार परकीयाला प्रथम इराद्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. वय १८ पूर्ण हवे. न्यायालयाच्या लिपिकासमोर जन्मस्थळ, व्यवसाय, आगमनाची तारीख सांगायची आणि मूळ राजसत्तेवरील निष्ठा कायमची सोडण्याचा इरादा शपथेवर जाहीर करायचा. भारतीयांच्या बाबतीत ही राजसत्ता म्हणजे ब्रिटनचा राजा. मग किमान २ आणि कमाल ७ वर्षांत मुख्य अर्ज. त्यासाठी सलग ५ वर्षांचे वास्तव्य, दोन नागरिकांची साक्ष, सद्वर्तन आणि इंग्रजी बोलता येणे आवश्यक.

एवढे करूनही एक अट उरे. अर्जदार गोरा हवा. ही अट १७९० पासूनची. १८७० मध्ये आफ्रिकी वंशीयांना हक्क मिळाला, आशियाई बाहेरच राहिले.

पंजाबचे भगतसिंग थिंड अमेरिकन सैन्यात होते. ते शीख, शीख धर्माने जात नाकारलेली. पण त्यांच्या बाजूने न्यायालयात मांडले गेले ते उच्चवर्णीयत्व! उच्चवर्णीय हिंदू आर्य, म्हणून गोरे. अमेरिकन गोरा काळ्यांशी बेटीव्यवहार टाळतो, तसाच उच्चवर्णीयही इथल्या आदिवासींशी टाळतो, असा तो युक्तिवाद. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असे ठरले. पुढे मिळालेली नागरिकत्वेही रद्द करण्यासाठी खटले झाले. शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावरही झाला.

त्याआधी ५० वर्षे, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला होता. जोतीरावांनी नाते जोडले ते गुलामांशी. या युक्तिवादाने जोडले ते मालकांशी.

१९४६ मध्ये भारतीयांना दार उघडले. १९५२ मध्ये वंशाची अट गेली आणि इराद्याचे प्रतिज्ञापत्रही ऐच्छिक झाले. जात मात्र सामानात राहिली. म्हणूनच २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

राजावरील निष्ठा सोडण्याची शपथ कायद्याने घेतली. जातीवरील निष्ठा सोडण्याची शपथ कोणीच मागितली नाही. परदेशी निघालेल्या आपल्या मुलांनी मालकांच्या रांगेत जागा शोधू नये. जोतीरावांनी जोडलेले नाते घेऊन जावे.